रघूची गाडी कोणी निवडली

सुंदरा,

परवा तुझं तेरावं झालं आणि काल सकाळीच मी पुन्हा खोटं बोलले. जेवणाच्या पत्रावळी अजून मागच्या अंगणात पडल्या होत्या, त्या उचलायच्याही आधी.

समोरच्या जानकम्मा विरजणाला दही मागायला आल्या. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "अक्का, आमच्या श्रीधरला आता कॉलेजला फार लांब जायचंय. सायकलनं होत नाही. तुमच्या रघूसारखी गाडी घ्यावी म्हणतो. फार मोठी नको, फार लहान नको, आमच्या ऐपतीतली. कोणाला विचारावं हो?"

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "ह्यांना विचारते. सांगतील ते."

जानकम्मांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "सरी," बरं म्हणावं तसं म्हणाल्या आणि वाटी पदराखाली झाकून निघून गेल्या. दार लावताना माझा हात कडीवरच राहिला. तू असतीस तर स्वयंपाकघरातून हसली असतीस. "काय अक्का, मोठ्या भाऊजींना परत इंजिनिअर केलंत?" म्हणाली असतीस. तू हसायचीस म्हणून मला इतकी वर्षं चालून गेलं. आता कोणी हसलं नाही, आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं.

म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण कन्नड तिसरीपर्यंतचं, मराठी मी घरच्या पोथ्या वाचून शिकले, ते तुला माहीत आहे. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिणार. तू दुपारी पाय पसरून ऐकायचीस तशी ऐक.

तुला आठवतं, रघूची ती मोटर लावलेली सायकल? तुझ्या नवऱ्यानं, वामन भाऊजींनीच बसवून दिली होती ती मोटर, ते वारले त्याच्या आदल्या वर्षी. सपाट रस्त्यावर फटफट करत पळायची आणि लालबागेच्या चढाला लागली की दम टाकायची. मग आमचा रघू इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून मान ताठ ठेवून पायडल मारायचा. पोरं ओरडायची, "अण्णा, मोटर ढकलते का तुम्ही मोटरला ढकलता?" कॉलेजपर्यंत तेही निभलं. पण शेवटच्या वर्षी कारखान्यात शिकायला जायचं ठरलं, आणि कारखाना कुठे, तर महादेवपुऱ्याच्या पलीकडे. जयनगरातून दोन बसा बदलून पोचेपर्यंत भोंगा होऊन जायचा. तीनदा उशीर झाला आणि तिथल्या साहेबानं सांगितलं, आणखी एकदा झाला तर नाव काढीन. घरात बोलणी सुरू झाली.

ह्यांना स्कूटर हवी होती. कचेरीत दोघांकडे होती ना. "पँटीला काळं लागत नाही, सभ्य दिसते," हे म्हणाले. तू आत भाकरी थापत होतीस. हळूच मला म्हणालीस, "अक्का, नंबर लावून स्कूटर येईपर्यंत रघूचं लग्न होईल. आणि त्या बाजूचा रस्ता बघितलाय का भाऊजींनी? नुसते खड्डे. बारक्या चाकाची गाडी एकेका खड्ड्यात उतरून नमस्कार करत जाईल."

तू मोठ्या दिरांशी समोरासमोर बोलत नव्हतीस. आपल्या घरची रीतच तशी. तू मला सांगायचीस, मी ह्यांना सांगायची, ह्यांचं उत्तर मी तुला आणून द्यायची, आणि तिघंही एकाच खोलीत असायचो. नवीन माणसाला वाटावं आपण तिघं वेडे आहोत. मी बाहेर जाऊन म्हणाले, "स्कूटरला नंबर लावावा लागतो आणि रस्ता खड्ड्यांचा आहे." हे म्हणाले, "हे मात्र खरं बोललीस." बघ, तिथूनच सुरुवात झाली. बोललीस तू, आणि खरं मी बोलले.

रघूला तर साडेतीनशे सीसीची मोठी गाडी हवी होती. कॉलेजातल्या एका श्रीमंत मुलानं ती आणली होती, गल्लीतून गेली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. तो मित्र एकदा घरी आला तेव्हा तू मागच्या दारानं अंगणात आलीस, डोक्यावर पदर, हात भाजणीनं माखलेले. "बस तिच्यावर," रघूला म्हणालीस. बसला. बोटं टेकत होती, टाचा नाहीत. "आता उतर आणि स्टँडवर लाव." त्यानं दोनदा ओढली, तिसऱ्यांदा त्या मित्रानं धरली म्हणून वाचला, नाहीतर गाडीखाली गेला असता.

"काकी, सवयीनं जमेल ना!"

"जमेल. पगार मिळायला लागला की जमव. आज वाटेत पंक्चर झाली तर ती गाडी तुला ढकलेल का तू तिला?"

तो मित्र म्हणाला, "आंटीला गाडी कळते." मला बरं वाटलं नाही. आमच्या घरची विधवा सून अंगणात येऊन परक्या मुलासमोर मोटरसायकलबद्दल बोलते, ते मला खुपलं.  तो गेल्यावर म्हणाले, "सुंदरा, पुढच्या वेळी मला सांग, मी सांगेन त्यांना." तू "बरं अक्का" म्हणालीस. इतकी साधी म्हणालीस की मला वाटलं तुला काही लागलंच नाही.

तुला गाडी कळायची, त्यात नवल काय होतं? लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेल्या गाड्या वामन भाऊजी कलासीपाळ्यातल्या शेडमध्ये आणून टाकायचे. लग्न होऊन आलीस तेव्हा दुपारचा डबा घेऊन जायचीस आणि संध्याकाळी परत यायचीस. सासूबाई विचारायच्या, डबा द्यायला एवढा वेळ? तू पाना हातात द्यायला थांबायचीस. मग नुसता पाना देऊन भागेना, नट सोडायला लागलीस. भाऊजी म्हणायचे, "माझा कान बिघडला तर हिचा घेईन." टायफॉइडनं ते गेले, शेड गेली, आणि तू तुझी पेटी घेऊन आमच्याकडे आलीस. पेटीत दोन लुगडी आणि एक कापडात गुंडाळलेला पाना. मी तो पाना बघितला आणि म्हणाले, "हे कशाला आणलंस?" असं विचारायचं असतं का गं? पण विचारलं.

मग तू सांगितलंस, अडीचशेची घ्या. जुनी चालेल, पण बघून घेतलेली. चढाला दम टाकत नाही, रघूला पेलते, पेट्रोलला फार खात नाही, आणि पुढे नोकरी लागली तरी लाज वाटणार नाही अशी. मी ते ह्यांना सांगितलं. ह्यांनी अल्सूरचा एक पत्ता आणला. एका पेन्शनरांची गाडी होती. तुला घेतल्याशिवाय जाण्यात अर्थ नव्हता, तू एकटी दिरांबरोबर जाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून मीही आले. रघू धरून आपण चौघं गाडी बघायला निघालो, मुलगी बघायला निघाल्यासारखे.

तू गाडीजवळ गेलीस, तळहात इंजिनाला लावलास आणि लगेच काढलास. मला म्हणालीस, "अक्का, उद्या येतो म्हणावं." मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी त्यांना. ते पेन्शनर चिडले. "अहो, एका किकेत सुरू होते, बघा तरी!" तू मला म्हणालीस, "गरम केलेली गाडी कोणाचीही सुरू होते. थंड असताना येऊ." हे मी जसंच्या तसं सांगितलं नाही, भीड वाटली. म्हणाले, "आज अमावस्या आहे." तू माझ्याकडे असं बघितलंस! घरी येईपर्यंत पदर तोंडाला लावून हसत होतीस.

दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी नेलंस आम्हाला. ते गृहस्थ अजून दात घासत होते. गाडी थंडगार. मग तू एकेक सांगत गेलीस आणि मी पोपटासारखी पुढे म्हणत गेले. ब्रेकच्या दांड्याचं टोक घासलंय का बघा, घासलं असेल तर पडलेली आहे. पाय ठेवायच्या रबराची झीज बघा, मीटर खोटं सांगेल, रबर सांगणार नाही. प्लग काढून दाखवा. प्लगचं तोंड बिस्किटाच्या रंगाचं निघालं तेव्हा तू पहिल्यांदा मान हलवलीस. ते गृहस्थ उत्तरं सगळी ह्यांच्याकडे बघून देत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "साहेब, आपली माहिती दांडगी आहे."

ह्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "थोडीफार," म्हणाले.

सुंदरा, तू गाडीच्या मागे उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू डोळा मिचकावलास. मी पण हसले. तेव्हा ती आपल्या दोघींची गंमत होती. गंमत कधी संपली ते मला कळलं नाही, खरंच सांगते.

कारण मग कचेरीतली माणसं ह्यांना विचारायला यायला लागली. बाहेर खुर्चीवर बसून कॉफी प्यायची, म्हणायची, "राव, माझ्या पुतण्याला गाडी घ्यायचीय." हे म्हणायचे, "विचार करून सांगतो," आणि आत मला शोधत यायचे. मी तुला शोधत यायची. तू पीठ मळता मळता सांगायचीस. तसंच उलट्या वाटेनं ते बाहेर जायचं. ह्यांना त्यात खोटं वाटलं नसेल, त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलं. पण मला तर माहीत होतं. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं की माझी जाऊ सांगते. एवढंच वाक्य होतं. कॉफीचे पेले नेताना ते सहज म्हणता आलं असतं.

आता त्या दिवसाचं लिहिते. 

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. पूजेच्या दिवशी तू पहाटे उठून ती पुसलीस. सायकल, विळी, माझं शिवणाचं मशीन, सगळं पुसलंस. झेंडूच्या माळा ओवल्यास. कोहळ्याला टोपीसारखी खाच पाडून आत कुंकू भरून ठेवलंस, चाकाखाली द्यायची लिंबं निवडलीस. तबक तू मांडलंस. मी आंघोळ करून नवं लुगडं नेसून आले तेव्हा सगळं तयार होतं, आणि गल्लीतल्या बायका फाटकाशी जमल्या होत्या, जानकम्मा पुढे. तू तबक घेऊन उंबऱ्यापर्यंत आलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. रघूच्या बारशाला असा होता.

मी तुझ्या हातातून तबक घेतलं. हलक्या आवाजात म्हणाले, "सुंदरा, स्वल्प आत बस."

मी रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. तू भांडली तरी असतीस. मी प्रेमानं बोलले, दुखणारं कपाळ चेपावं तसं. शुभाच्या वेळी पांढऱ्या कपाळाची बाई समोर नको, हे तुला मला दोघींना माहीत होतं, सांगायलाही नको होतं, म्हणून मी 'स्वल्प', जरासं, एवढंच म्हणाले. तू आत गेलीस. दार अर्धं ओढून घेतलंस.

ह्यांनी कोहळा फोडला. मी कुंकू लावलं. रघूनं किक मारली. गाडी गप्प. दुसरी मारली, तिसरी मारली, घामाघूम झाला. बायका कुजबुजायला लागल्या. कोणी म्हणे लिंबू सरळ ठेवलं नाही, कोणी म्हणे वेळ टळली. ह्यांच्याकडे सगळ्यांनी बघितलं, "राव, तुम्हीच बघा." ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, जशी देवळाभोवती मारतात, आणि घसा खाकरला.

तेवढ्यात अर्ध्या दारातून तुझा आवाज आला. "रघू, पेट्रोलचा कॉक बंद आहे. पुसताना मी बंद केला होता. उघड, जरा थांब, मग मार."

एका किकेत सुरू झाली. टाळ्या पडल्या. आणि त्या आवाजातच जानकम्मांनी मला विचारलं, "आत कोण आहे हो, अक्का?"

मी म्हणाले, "कोणी नाही."

तू ऐकलंस का, सुंदरा? दार तीन पावलांवर होतं. गाडी सुरू होती, आवाज होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या आवाजात ऐकू गेलं नसेल. पण गाडीच्या आवाजातून बारीकसारीक वेगळं काढणारा कान तुझा.

त्यानंतर आठवड्यानं गहू निवडताना तू विचारलंस, "अक्का, मी बाहेर आले असते तर काय झालं असतं? गाडीला काय कळतं कुंकू कोणी लावलं?"

"गाडीला नाही कळत. लोकांना कळतं."

"मग लोकांच्याच गळ्यात माळ घालायची होती," तू म्हणालीस. हसून म्हणालीस, पण खाली बघत होतीस. मी काय केलं? दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध चुलीवर नव्हतंच. तुला माहीत होतं, तूच ते उतरवून ठेवलं होतंस. परत आले तेव्हा तू माझ्या वाटणीचेही गहू निवडून टाकले होतेस, आणि बोलणं तिथेच राहिलं. मला वाटलं, बोलू कधीतरी निवांत. तशीच वर्षं गेली. आणि पंधरवड्यापूर्वी त्या मंगळवारी छातीत कळ येते म्हणालीस, मी सुंठ उगाळायला गेले, आणि उगाळून आणेपर्यंत तू नव्हतीस.

रघू वेळेवर पोचला, सुंदरा, एकही दिवस चुकला नाही. त्याच कारखान्यात नोकरीला लागला. ते तुझं. तुला अग्नी द्यायला तोच पुढे झाला, कोणी सांगायची वाट बघितली नाही त्यानं.

हे एवढं लिहून झालं आणि मी उठले. पायात चपला घातल्या, समोर गेले. जानकम्मा जात्यापाशी बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, "काल मी खोटं बोलले. ह्यांना गाडीतलं काही कळत नाही. रघूची गाडी माझ्या जावेनं निवडली. कचेरीतल्या लोकांच्याही तिनंच निवडल्या. आणि आयुधपूजेला आत ती होती. मीच तिला बसवलं होतं."

मला वाटलं त्या चकित होतील. त्यांनी जातं थांबवलं नाही.

"माहीत आहे, अक्का."

"काय माहीत आहे?"

"रविवारी सकाळी तुम्ही देवळात जायचात ना. तेव्हा ती रघूला शिकवायला न्यायची, पुढच्या ब्लॉकात, घरं झाली नव्हती तिथे. गल्लीतल्या आम्ही सगळ्या बघायचो. पहिल्यांदा ती मागे बसायची. मग एकदा बघितलं तर लुगड्याचा काचा घट्ट मारून ती पुढे, आणि रघू मागे जीव मुठीत धरून! मोकळ्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या तिनं. डोक्यावरचा पदर पडला होता, तो पण सावरला नाही. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही तिचं ते जाणं बंद कराल."

 रघूनं मला कधी सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. ज्या लोकांना भिऊन मी तुला आत बसवलं, ते लोक तुला माझ्यापासून लपवत होते.

"आणि आयुधपूजेच्या दिवशी आतला आवाजही तुम्हाला ओळखू आला असेल," मी म्हणाले. "तरी विचारलंत, आत कोण आहे म्हणून?"

जानकम्मांनी आता जातं थांबवलं. "म्हटलं, विचारलं तर तुम्ही तिला बाहेर बोलवाल."

सुंदरा, मला रडू आलं नाही. रडले असते तर त्यांनी पाणी दिलं असतं, पाठीवर हात ठेवला असता, आणि मी हलकी होऊन घरी आले असते. तसं होऊ नये असं मला वाटलं. मी तशीच घरी आले.

रघूला विचारलं, तर तो मान खाली घालून म्हणाला, "काकीनं शपथ घातली होती. म्हणाली, अक्कांना काळजी वाटेल." काळजी म्हणालीस तू. माझ्या भीतीला तू इतकं चांगलं नाव दिलंस.

क्षमा मागत नाही. जिवंत होतीस तेव्हा मागायची होती, समोर बसून, गहू निवडताना. आता मागितली तर तू 'बरं अक्का' म्हणशील, आणि ते मला नको.

उद्या सकाळी श्रीधरसाठी गाडी बघायला जायचं आहे. रघू येतोय, त्याला तू शिकवलंस तेवढं पुष्कळ आहे. मीही जाणार आहे. मला गाडीतलं काही कळत नाही, मी नुसती उभी राहीन. रघू थंड इंजिनाला हात लावेल, ब्रेकच्या दांड्याचं टोक बघेल, आणि विकणारा म्हणेल, हे कोणी शिकवलं हो तुम्हाला? तेव्हा रघूला बोलू देणार नाही. मी पुढे होऊन सांगेन, मोठ्या आवाजात, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं: सुंदराबाईंनी. आणि तुम्ही कोण, असं विचारलंच, तर म्हणेन, मी त्यांची जाऊ.